अक्षरं सात, तुकडा एक : फ्रेंच क्रियापदं फोडायची कशी आणि उच्चारायची कशी

फळ्यावर मी सात अक्षरं लिहिते : पी, ए, आर, एल, ई, एन, टी. अर्थ 'ते बोलतात'. वर्गाला वाचायला सांगितलं की उत्तरं जवळजवळ ठरलेली असतात. इंग्रजीच्या सवयीने कुणी 'पार्लेंट' म्हणतो. चार धडे झालेला हुशार विद्यार्थी नाकातून 'पार्लाँ' काढतो आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे बघतो. दोघंही चुकलेले असतात. उच्चार आहे 'पार्ल्'. एका दमात, एका तुकड्यात. शेवटची तीन अक्षरं नुसती कागदावर.

पुण्यामुंबईत अकरावी-बारावीला फ्रेंच घेणारी मुलं क्रियापदांचे तक्ते घडाघडा लिहून दाखवतात. तेच तोंडाने म्हणायची वेळ आली की गाडी अडते, कारण तक्ते डोळ्यांनी पाठ केलेले असतात. या लेखात आपण उलटीकडून जाऊ. शब्द आधी कानाने फोडू, मग स्पेलिंगकडे बघू. असं केलं की तक्त्यातले बरेचसे 'अपवाद' अपवाद राहत नाहीत.

व्याकरणात ज्याला सिलॅबल म्हणतात, त्याला मी सरळ 'तुकडा' म्हणणार आहे. एक स्वर आणि त्याला चिकटलेली व्यंजनं मिळून एक तुकडा. आपलं 'अक्षर' त्याच्या जवळ जातं, पण 'पुस्तक' लिहिताना आपण 'पु-स्त-क' अशी अक्षरं पाडतो आणि बोलताना 'पुस्-तक्' असे दोनच तुकडे करतो. लिहिणं आणि बोलणं यांतली ही फट मराठीतही आहे. फ्रेंचमध्ये ती भलतीच रुंद आहे, एवढंच.

आधी लिपीची सोय

फ्रेंच उच्चार देवनागरीत लिहिणं वाटतं तेवढं वाईट नाही. काही बाबतीत तर रोमनपेक्षा बरंच, कारण आपल्याकडे व्यंजनाचा पाय मोडता येतो. 'पार्ल्' मधला शेवटचा ल् पाय मोडलेला आहे, त्याच्यामागे काहीही ऐकू यायला नको. पाय न मोडता 'ल' लिहिला, तर त्यात आपला नेहमीचा 'अ' आहे असं समजा. फ्रेंचमधला अर्धामुर्धा बोलला जाणारा ई (म्हणजे ते रोमन अक्षर, आपला दीर्घ ई नव्हे) हाच, फक्त ओठ किंचित गोल करून म्हटलेला.

'ज' म्हणजे 'टेलिव्हिजन' मधला ज आणि 'झ' म्हणजे 'क्विझ' मधला झ. 'ए' बंद तोंडाचा. 'ॲ' म्हणजे त्याहून जरा उघडा, पण 'बॅट' मधल्याइतका नव्हे. फ्रेंच र जिभेच्या टोकाने नाही, पडजिभेपाशी घासून निघतो. उर्दू गझल म्हणणारे 'ग़म' म्हणताना जो ग़ काढतात तो जवळचा. यू या अक्षराचा स्वर देवनागरीत मावत नाही. ओठ 'ऊ' म्हणायला गोल करा आणि तसेच ठेवून 'ई' म्हणा. मी त्याला 'त्यु', 'ब्यु' असं लिहीन, पण त्यात 'य' ऐकू आला तर चुकलंच.

आता चंद्रबिंदू. 'ँ' म्हणजे स्वर नाकातून आणि त्याच्यापुढे न् किंवा म् नाही. इथे आपला मराठी अनुस्वार दगा देतो. 'संप' मध्ये अनुस्वाराचा म् होतो आणि 'संत' मध्ये न्, म्हणजे तोंड किंवा जीभ कुठेतरी बंद होतेच. फ्रेंच 'लोँ' म्हणताना शेवटी जीभ टाळ्याला लागली तर तो 'लोन' झाला. आरशासमोर तोंड उघडं ठेवून म्हणा आणि आवाज संपेपर्यंत जीभ खालीच राहते का ते बघा. घरात कोकणी बोलणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही, त्यांच्या भाषेत नाकातले स्वर पहिल्यापासून आहेत.

पहिली पायरी : शेपूट कापा

कुठलंही क्रियापदाचं रूप समोर आलं की आधी शेवटून सुरुवात करा. शेवटचा ई, ईएस, ईएनटी, तसेच शेवटचे एस, टी, डी, एक्स बहुतेक वेळा मुके असतात. त्यांच्यावर पेन्सिलीने हलकी रेघ मारा. ईझेड आला तर त्याचा 'ए'. नुसत्या धातूच्या शेवटी ईआर आला तरी 'ए', तिथला र मुका. आयआर मधला र मात्र बोलायचा. ओएनएस चा 'ओँ'. भूतकाळातल्या एआयएस, एआयटी, एआयईएनटी या तिन्ही शेपटांचा एकच 'ॲ', त्यांतलं शेवटचं पाच अक्षरांचं असलं तरी.

हे करून 'बोलणे' चा वर्तमानकाळ म्हणून बघा : मी पार्ल्, तू पार्ल्, तो पार्ल्, आम्ही पार्-लोँ, तुम्ही पार्-ले, ते पार्ल्. कागदावर पाच वेगवेगळी स्पेलिंग आणि कानाला तीन रूपं. रोजच्या बोलण्यात 'आम्ही' साठी फ्रेंच लोक 'ओँ' हे सर्वनाम वापरतात आणि त्याच्यापुढे तृतीय पुरुषी एकवचनच येतं, 'ओँ पार्ल्'. म्हणजे बोलताना दोनच रूपं उरली. मराठीत 'बोलतो, बोलते, बोलतोस, बोलतेस, बोलतात' असं सगळं सांभाळणाऱ्याला ही चैनच आहे.

अपूर्ण भूतकाळात हेच : पार्-लॅ चार वेळा, आणि आम्ही-तुम्हीला पार्-ल्योँ, पार्-ल्ये. 'बोला' (पार्-ले) आणि 'बोलत होतो' (पार्-लॅ) यांत फक्त ए आणि ॲ एवढाच फरक आहे. कितीतरी फ्रेंच लोक स्वतः तो नीट पाळत नाहीत, तेव्हा त्यावर रात्री जागवू नका.

धातू 'बोलणे', भूतकाळवाचक 'बोललेला' आणि आज्ञार्थी 'बोला' या तिघांचा उच्चार 'पार्-ले' असा एकच आहे. त्यामुळे फ्रेंच मुलांच्या वह्यांमध्येही इथे लाल शाई भरपूर असते. त्यांना शाळेत एक युक्ती शिकवतात : त्या जागी 'विकणे' हे क्रियापद घालून बघायचं. तिथे 'व्हाँद्र्' बसलं तर धातूरूप लिहायचं, 'व्हाँ-द्यु' बसलं तर भूतकाळवाचक. आपणही वापरावी.

ईएनटी चा सापळा

या तीन अक्षरांवर थोडं थांबायला हवं, कारण चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. क्रियापदाच्या शेवटी, कर्ता 'ते' किंवा 'त्या' असताना, ईएनटी मुका. नाम, विशेषण किंवा क्रियाविशेषण असेल तर तोच ईएनटी नाकातला 'आँ'. फ्रेंच शिक्षकांचं एक आवडतं वाक्य आहे, 'मठातल्या कोंबड्या अंडी उबवतात' अशा अर्थाचं. त्यात 'मठ' आणि 'उबवतात' हे शब्द एकाच स्पेलिंगचे आणि एकमेकांना खेटून येतात. पहिला 'कू-व्हाँ', दुसरा 'कूव्ह्'. डोळ्यांनी ओळखता येत नाहीत, व्याकरणानेच ओळखायचे.

यात आणखी एक गाठ आहे. 'येणे' आणि 'धरणे' यांच्या तृतीय पुरुषी एकवचनात शेवटी आयईएनटी येतो, पण तो धातूचाच भाग असतो, बहुवचनाचं शेपूट नव्हे. म्हणून तो 'व्ह्येँ', 'त्येँ' असा ठसठशीत बोलायचा. 'योग्य ठरतं' आणि 'ते निमंत्रण देतात' या दोन अर्थांची दोन क्रियापदं तर लिहायला हुबेहूब सारखी आहेत. पहिलं 'कोँ-व्ह्येँ', दुसरं 'कोँ-व्ही'.

मुका असला म्हणून ईएनटी निकामी नसतो. तो स्वतः बोलत नाही, पण शेजारच्या व्यंजनाला उठवतो. 'तो बाहेर पडतो' हे 'सॉर्', शेवटचा टी मुका. 'ते बाहेर पडतात' हे 'सॉर्त्', कारण आता टी शेवटी उरला नाही. तो विकतो 'व्हाँ', ते विकतात 'व्हाँद्'. तो वाचतो 'ली', ते वाचतात 'लीझ्'. तो संपवतो 'फि-नी', ते संपवतात 'फि-नीस्'. तो घेतो 'प्राँ', ते घेतात 'प्रॅन्'. या शेवटच्या जोडीत नाकातला स्वर साधा झाला आणि न् मोकळा सुटला. म्हणजे ज्या क्रियापदांत धातूच्या शेवटी व्यंजन दबा धरून बसलेलं असतं, तिथे बहुवचन कानाला कळतं. 'पार्ल्' सारख्यांत ते कळत नाही, संदर्भावर सोडायचं.

मराठीनेही एके काळी न बोलले जाणारे अनुस्वार डोक्यावर वागवले होते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ते उतरवले. फ्रेंचांनी आपली मुकी अक्षरं जिवापाड जपून ठेवली आहेत.

दुसरी पायरी : स्वर मोजा

शेपूट कापून उरलेल्या शब्दात जितके स्वर ऐकू येतात, तितके तुकडे. इथे अक्षरं मोजायची नाहीत, आवाज मोजायचे. ओआय मिळून एक 'वा', ओयू मिळून 'ऊ', एयू आणि ईएयू मिळून 'ओ', एआय मिळून 'ॲ' किंवा 'ए'. स्वरापुढे एन किंवा एम आणि त्याच्यापुढे व्यंजन (किंवा शब्दच संपला) तर दोन्ही मिळून एक नाकातला स्वर.

'ते पाहत होते' हा शब्द घ्या : व्ही, ओ, वाय, ए, आय, ई, एन, टी. आठ अक्षरं. शेवटच्या पाचांचा 'ॲ'. उरले तीन. दोन स्वरांमध्ये अडकलेला वाय दोन आयसारखा वागतो. एक आय डावीकडच्या ओला देतो, त्याचा झाला 'व्ह्वा', आणि दुसरा उजवीकडे य म्हणून जातो. 'व्ह्वा-यॅ'. दोन तुकडे. 'पाठवणे' चं 'आँ-व्ह्वा-ये' आणि 'साफ करणे' चं 'नॅ-त्वा-ये' याच वाटेने सुटतात.

दोन ठिकाणी हा हिशेब मुद्दाम फसवतो. 'करणे' चं 'आम्ही करतो' हे रूप एआय असूनही 'फ-झोँ' आहे, 'फॅ-झोँ' नव्हे. त्याच्या अपूर्ण भूतकाळातही सगळीकडे 'फ-झॅ'. 'तुम्ही करता' मात्र नियमाप्रमाणे 'फॅत्'. दुसरं, 'असणे-जवळ असणे' या क्रियापदाचं ईयू असं लिहिलेलं भूतकाळवाचक रूप म्हणजे नुसता तो गोल ओठांचा ई. अख्खा शब्द एका स्वराचा.

तिसरी पायरी : व्यंजनं वाटून द्या

फ्रेंच तुकड्याला स्वरावर संपायला आवडतं. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्याला द्या : फि-नीर्, ली-झोँ, आ-व्होँ. दोन असतील तर एक इकडे, एक तिकडे : पार्-लोँ, सॉर्-तोँ. पण दुसरं व्यंजन र किंवा ल असेल आणि पहिलं प, ब, त, द, क, ग, फ, व्ह यांपैकी, तर जोडी फोडायची नाही, दोघांना मिळून पुढे पाठवायचं : 'मोँत्-रे' नव्हे, 'मोँ-त्रे' (दाखवणे), 'आँ-त्रे' (आत येणे). आपल्या तोंडाला 'पत्र' हे 'पत्-त्र' करायची सवय आहे. ती इथे आवरा, त चा दणका आधीच्या तुकड्यावर पडता कामा नये. सीएच, जीएन, पीएच या जोड्या म्हणजे तर एकेकच व्यंजन. 'मिळवणे' चं 'गा-न्ये', ग्-न् वेगळे नाहीत.

ओळीच्या शेवटी शब्द तोडायचे छापखान्याचे नियम याच्या जवळपास आहेत, पण तेच नाहीत. जोडाक्षरी एस तिथे फोडतात : फि-निस्-सोँ. कानाला एकच स् आहे : 'फि-नी-सोँ'. 'विकत घेणे' कागदावर तीन तुकड्यांचं, तोंडात दोनच, 'आश्-ते'. परीक्षेत 'शब्द फोडा' असा प्रश्न आला तर कोणती फोड मागितली आहे ते आधी वाचा. बोलायला दुसरीच उपयोगी.

जोड व्यंजन खरोखर लांबवतात अशी एक जागा मला आवडते. 'तो धावत होता' हे 'कू-रॅ' आणि 'तो धावला असता' हे 'कूर्-रॅ', दोन आर असलेलं. नुसता र ताणला की काळ बदलतो.

चौथी पायरी : मधला ई ठेवायचा की गिळायचा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि इथे मराठी माणूस शर्यतीत आधीच अर्ध्यावर उभा आहे. 'पकड' म्हणा. दोन तुकडे, 'प-कड्'. आता 'पकडा' म्हणा. 'प-क-डा' म्हणता का? नाही, 'पक्-डा'. क मधला अ गायब. पुन्हा 'पकडतो' म्हणा, 'प-कड्-तो'. तो अ परत आला. लिहिताना यातलं काहीही दिसत नाही, कुठेही पाय मोडलेला नाही, तरी पाच वर्षांचं पोरही चुकत नाही.

फ्रेंच मधला ई अगदी असाच आहे. नियम मोरिस ग्रामाँ या भाषाशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो, 'तीन व्यंजनांचा नियम'. ई गिळल्यावर तीन व्यंजनं एकमेकांवर आदळणार असतील तर तो ठेवा, नाहीतर गिळा. 'मी देईन' मध्ये ई च्या अलीकडे न्, पलीकडे र्. दोनच, म्हणून गिळा : 'दॉन्-रे'. 'मी बोलेन' मध्ये अलीकडे र् आणि ल्, पलीकडे र्. तीन झाले, ठेवा : 'पार्-ल-रे'. 'मी विचारेन' मध्ये अलीकडे एन-डी दिसतात, पण एन तर नाकात विरघळला, उरला एकटा द् : 'द-माँ-द्रे'. धातू स्वरावरच संपत असेल तर ई चा प्रश्नच नाही, तो कधीच बोलला जात नाही : 'मी खेळेन' हे 'जू-रे'.

नियमाला एक पुरवणी आहे. पुढे 'र्य' अशी जोडी येत असेल तर ई ठेवावाच लागतो. 'आम्ही देऊ' हे 'दॉन्-रोँ', पण 'आम्ही दिलं असतं' हे 'दॉ-न-ऱ्योँ'. ही ऱ्य ची खूण मी हौसेने वापरलेली नाही. 'आचार्याला' आणि 'आचाऱ्याला' म्हणून बघा. पहिल्यात र् मागच्या तुकड्याला चिकटतो, 'चार्-या'. दुसऱ्यात तो पुढे जातो, 'चा-ऱ्या'. फ्रेंच 'ऱ्योँ' मधला र स्वयंपाकी आचाऱ्याचा आहे, गुरुजींचा नव्हे. तुकड्याची सीमा दाखवणारी अशी खूण रोमन लिपीत नाही, आपल्याकडे आहे.

दक्षिण फ्रान्समध्ये, मार्सेय-तुलूझकडे, जुन्या धाटणीचे बोलणारे हे ई गिळत नाहीत. शब्दाच्या शेवटचाही म्हणतात. तिकडचा माणूस 'पार्-ल' म्हणाला तर तो तुमच्यासारखा चुकलेला नाही, तो त्याच्या गावचं बोलतो आहे.

आता या पायरीची खरी कमाई. फ्रेंचला शेवटच्या तुकड्यात हा अर्धामुर्धा ई चालत नाही, कारण जोर तिथेच पडतो आणि इतका दुबळा स्वर तो जोर पेलू शकत नाही. 'विकत घेणे' चं 'आम्ही' रूप 'आश्-तोँ' : ई गिळला, काम झालं. 'मी' रूपात मात्र शेपूट मुकं, त्यामुळे तोच ई शेवटचा तुकडा होऊन बसतो. तेव्हा त्याला उघडून 'ॲ' करावा लागतो : 'आ-शॅत्'. कागदावर त्यासाठी ई वर उजवीकडे उतरणारी रेघ देतात. 'हाक मारणे' मध्ये हेच काम एल दोनदा लिहून करतात : आम्ही 'आप्-लोँ', मी 'आ-पॅल्'. रेघ असो की जोड एल, दुखणं एक, औषधं दोन. पाठ्यपुस्तकात ही 'स्पेलिंग बदलणारी क्रियापदं' म्हणून वेगळ्या चौकटीत टाकलेली असतात. ती बदलतात तुकड्यांमुळे.

फ्रान्सच्या राजपत्रात ६ डिसेंबर १९९० रोजी जी शुद्धलेखन दुरुस्ती प्रसिद्ध झाली, तिने इथे थोडी शिस्त आणली. हाक मारणे, फेकणे आणि त्यांच्यापासून बनलेली क्रियापदं सोडून या घराण्यातल्या बाकीच्यांना रेघच द्यायची असं ठरलं. शिवाय 'आशा करणे', 'सोडून देणे' यांच्या भविष्यकाळात चढती रेघ जाऊन उतरती आली, कारण लोक पूर्वीपासून तिथे उघडा ॲ म्हणतच होते. जुनं स्पेलिंगही चूक नाही, दोन्ही दिसतील.

आम्ही-तुम्ही एका बाजूला आणि उरलेली चार रूपं दुसऱ्या बाजूला, ही फूट नेहमीच्या वापरातल्या अनेक अनियमित क्रियापदांत दिसते : मी ब्वा, आम्ही ब्यु-व्होँ, ते ब्वाव्ह् (पिणे). मी द्वा, आम्ही द-व्होँ, ते द्वाव्ह् (लागणे, हवं असणे). मी व्ह्येँ, आम्ही व्ह-नोँ, ते व्ह्यॅन् (येणे). याचं मूळ लॅटिनमध्ये आहे. तिथे चार रूपांत जोर धातूवर पडायचा आणि आम्ही-तुम्हीमध्ये प्रत्ययावर. जोर मिळालेला स्वर वेगळ्या वाटेने बदलत गेला, न मिळालेला वेगळ्या.

पाचवी पायरी : आय वितळतो का

आय च्या पुढे स्वर आला की तो य होऊन वितळतो आणि एक तुकडा वाचतो : 'अभ्यास करणे' हे 'ए-त्यु-द्ये'. पण त्याच्याआधी 'द्र', 'ब्ल', 'क्र' अशी न फुटणारी जोडी असेल तर वितळायला जागा नसते. मग आय टिकतो आणि पुढे एक य उगवतो : 'विसरणे' हे 'ऊ-ब्लि-ये', 'ओरडणे' हे 'क्रि-ये'. 'आम्ही आत येतो' हे 'आँ-त्रोँ', दोन तुकडे. 'आम्ही आत येत होतो' हे 'आँ-त्रि-योँ', तीन. 'आपल्याला आवडेल का' अशा अदबीच्या प्रश्नात येणारं 'व्हू-द्रि-ये' याच साच्यातलं आहे, आणि ते 'व्हूद्र्ये' असं चिरडलेलं ऐकलं की माझे कान दुखतात.

सहावी पायरी : सर्वनाम चिकटवा

फ्रेंच क्रियापद एकटं सहसा फिरत नाही. त्याच्याआधी सर्वनाम असतं, आणि क्रियापद स्वराने सुरू होत असेल तर तुकडे शब्दाची सीमा ओलांडून नव्याने पडतात. 'तो प्रेम करतो' हे 'इल् ॲम्' नसून 'इ-लॅम्'. 'ते प्रेम करतात' मध्ये सर्वनामाचा मुका एस झ होऊन जागा होतो : 'इल्-झॅम्'. 'आमच्याकडे आहे' हे 'नू-झा-व्होँ', 'तुम्ही आहात' हे 'व्हू-झॅत्', 'ओँ' पुढे 'आ' आलं तर 'ओँ-ना'.

हा झ किती किमती आहे ते मी स्वतः भोगलं आहे. फ्रान्समध्ये पहिल्यांदा राहायला गेले तेव्हा घरमालकीणबाईंना शेजारच्या जोडप्याबद्दल सांगत होते की त्यांना दोन मुलं आहेत. 'इल्-झोँ' म्हणायचं होतं, तोंडातून गेलं 'इल्-सोँ'. म्हणजे 'त्यांना दोन मुलं आहेत' ऐवजी 'ते दोन मुलं आहेत'. बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग शांतपणे म्हणाल्या, "अहो, तो माणूस साठीचा आहे." झ म्हणजे 'जवळ असणे', स म्हणजे 'असणे'. दुसरं काहीही वेगळं नाही. त्या दिवसानंतर महिनाभर मी भांडी घासताना 'इल्-झोँ, इल्-सोँ' म्हणत होते.

प्रश्नात सर्वनाम मागे जातं तेव्हाही सांधा स्वच्छ ठेवायचा असतो. स्वरावर संपणाऱ्या रूपामागे 'तो' आला तर मध्ये एक टी घालतात : 'पार्-ल-तिल्?' शेवटी डी असेल तर त्याचा त होतो : 'प्राँ-तिल्?' गंमत म्हणजे 'ते बोलतात का' मधला मुका टी इथे जागा होतो, आणि तेही 'पार्-ल-तिल्?' असंच ऐकू येतं.

एक शब्द हातात घेऊन

सगळ्या पायऱ्या एकदम चढून बघू. 'त्यांनी विकत घेतलं असतं'. क्रियापदाची अक्षरं : ए, सी, एच, रेघवाला ई, टी, ई, आर, ए, आय, ई, एन, टी. शेपूट कापा, शेवटच्या पाचांचा 'ॲ'. उरलं आ, श्, ॲ, त्, मधला ई, र्. मधल्या ई च्या अलीकडे एकटा त्, पलीकडे र्, म्हणून गिळा. त् आणि र् फुटत नाहीत, दोघे पुढे : 'आ-शॅ-त्रॅ'. आता सर्वनाम लावा, झ जागा झाला : 'इल्-झा-शॅ-त्रॅ'. चार तुकडे. हेच 'आम्ही' ने करा. शेपूट 'योँ', त्याच्याआधी र, म्हणजे पुरवणी लागू, ई ठेवायचा : 'नू-झा-शॅ-त-ऱ्योँ'. पाच. बोटाने टेबलावर ठोके देत दोन्ही दहा वेळा म्हणा. ठोके चार आणि पाच पडत नसतील तर कुठेतरी ई चुकला आहे.

ठोके देताना सगळे सारख्या वजनाचे द्या, शेवटचा मात्र जरा लांबवा. फ्रेंचमधला जोर शब्दागणिक फिरत नाही, बोलण्याचा एकेक गट जिथे संपतो तिथे पडतो. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं पहिल्या तुकड्यावर ठोसा मारतात आणि बाकीचे चेपतात. त्यांना मी सांगते, इंग्रजी विसरा आणि पाढे म्हणतो तसं म्हणा.

रोज एकच क्रियापद घ्या, तीन काळ, मोबाइलवर रेकॉर्ड करून लगेच ऐका. स्वतःचा आवाज ऐकायला नको वाटतो, पण 'लोँ' चा 'लोन' झालेला स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय पटत नाही. आणि ऐकलेलं लिहून काढा, आधी देवनागरीत, मग फ्रेंच स्पेलिंगमध्ये. उलट क्रमाने नको.

हे सगळं पक्कं झाल्यावर पॅरिसच्या रस्त्यावर कुणीतरी तुम्हाला 'शॅ पा' म्हणेल आणि तुम्हाला कळणार नाही. कागदावर ते चार शब्दांचं वाक्य आहे, 'मला माहीत नाही'. सावकाश म्हटलं तर 'ज-न-सॅ-पा'. बोलताना नकारातला 'न' वगळतात, 'ज' मधला ई गिळतात, उरलेला ज् समोरच्या स् ला धडकतो आणि दोघांचा मिळून श् होतो. 'मी आहे' चं 'श्वी' झालेलंही याच धडकेत ऐकू येईल. ते ओळखायला शिका. स्वतः म्हणायची घाई पहिल्या वर्षी नको.